कामगाराच्या घरात शिरलेली संघटना

जबलपूर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना नर्मदेमुळे, भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे किंवा तिथल्या शस्त्रास्त्र कारखान्यांमुळे ठाऊक असते. छत्तीसगडमधील खाणकामगारांच्या एका पिढीला मात्र ते ठाऊक होते ते न्यायालयाचे गाव म्हणून. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले आणि नागपूरचे उच्च न्यायालय मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय म्हणून जबलपूरला गेले. खाणींतील औद्योगिक वाद केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात. त्यासाठीचे केंद्रीय न्यायाधिकरणही जबलपूरलाच. त्यामुळे दल्ली राजहराच्या लोहखाणीत दगड फोडणाऱ्या माणसाच्या जामिनाचा, मजुरीचा किंवा तडीपारीचा प्रश्न वर गेला की तो जबलपूरलाच जाऊन पोहोचे. जाण्याची वाटही सरळ नव्हती. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा नॅरोगेज होता, आणि नाहीतर बिलासपूर-कटनीचा वळसा घ्यावा लागे. रोजंदारीवरच्या माणसाला तारखेला हजर राहायचे तर दोनतीन दिवसांचा रोज बुडवावा लागे. छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि बिलासपूरला उच्च न्यायालय आले ते १ नोव्हेंबर २००० रोजी. तोवर शंकर गुहा नियोगी यांच्या खुनाला नऊ वर्षे उलटून गेली होती आणि त्या खटल्यातील सर्व दोषी आरोपींना जबलपूरच्या न्यायालयाने मुक्त केल्यालाही दोन वर्षे झाली होती.

नियोगी यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटेपासून सुरू होते. ते स्वाभाविक आहे. परंतु खुनापासून सुरुवात केली की तो माणूस हुतात्मा म्हणूनच उरतो आणि त्याने प्रत्यक्षात काय उभे केले हा प्रश्न मागे पडतो. मला तो प्रश्न आजच्या धोरणचर्चेसाठी अधिक मोलाचा वाटतो. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात लागू झाल्या आहेत. संघटना म्हणजे काय, तिला मान्यता कोणी द्यायची, तिचे सभासद कसे मोजायचे, संपाची नोटीस किती दिवसांची, या सगळ्याची नव्याने मांडणी झाली आहे. अशा वेळी एका खाणगावात कामगार संघटनेचा अर्थ किती विस्तारला होता आणि त्यासाठी एका कुटुंबाने काय किंमत मोजली, याकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

धीरेशचा शंकर

नियोगींचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ चा. मूळ नाव धीरेश. जलपायगुडीच्या मध्यमवर्गीय बंगाली घरातला हा मुलगा १९६० च्या दशकाच्या आरंभी भिलाईला आला. सोव्हिएत सहकार्याने उभा राहिलेला भिलाईचा पोलाद कारखाना म्हणजे त्या काळी नेहरूयुगाच्या स्वप्नाचे प्रत्यक्ष रूप होते. तिथल्या कोक भट्ट्यांवर त्याला काम मिळाले. काम करता करता त्याने विज्ञानाचे शिक्षण घेतले, कामगारांना संघटित करू लागला आणि परिणामी नोकरी गमावून बसला.

अशा प्रसंगी शिकलेला तरुण एकतर घरी परततो किंवा पक्षाच्या कचेरीत जातो. धीरेश छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत शिरला. मिळेल ती मजुरी करत, लोकांची बोली शिकत तो फिरत राहिला. याच काळात त्याने शंकर हे नाव घेतले. दुर्ग जिल्ह्यातील दानीटोला येथील क्वार्टझाइटच्या खाणीत तो मजूर म्हणून काम करू लागला आणि तिथेच एका आदिवासी कामगार कुटुंबातील आशा यांच्याशी त्याचे लग्न झाले.

या लग्नाकडे मी केवळ चरित्रातील एक टप्पा म्हणून पाहत नाही. आपल्याकडच्या कामगार चळवळीचे पुढारी पुष्कळदा वरच्या थरातून आलेले. ते कामगारांसाठी झिजले, तुरुंगात गेले, पण त्यांचे घर बहुधा कामगारवस्तीच्या बाहेर राहिले. नियोगींचे घर वस्तीतच होते, मातीच्या भिंतींचे. घरातल्या चुलीचा, पाण्याचा, आजारपणाचा प्रश्न त्यांना कामगारांच्या निवेदनात वाचावा लागत नव्हता. तो त्यांच्याच घरात होता. पुढे त्यांच्या संघटनेने जे वळण घेतले, त्याची मुळे मला या घरात दिसतात. दोन मुली आणि एक मुलगा असा संसार झाला. मुलांची नावे क्रांती, मुक्ती आणि जीत. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या घरांत अशी नावे नवलाची नव्हती. पण बापाचा बराचसा काळ तुरुंगात, सभांत आणि प्रवासात जाई, आणि अशा घरात आशाबाई ती मुले वाढवत होत्या, हेही त्या नावांबरोबर लक्षात ठेवले पाहिजे.

आणीबाणीत नियोगींना मिसाखाली पकडण्यात आले आणि वर्षाहून अधिक काळ ते कैदेत राहिले. सुटून आले तेव्हा दल्ली राजहराचे कंत्राटी खाणकामगार त्यांची वाट पाहत होते.

झोपडीच्या बांबूंपासून

दल्ली राजहरा ही भिलाई कारखान्याची लोहखाण, भिलाईपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर. तिथे दोन प्रकारचे कामगार होते. एक कारखान्याच्या हजेरीपटावरचे, यंत्रांवर काम करणारे. दुसरे ठेकेदारांचे, हातोडी आणि पहार घेऊन खनिज फोडणारे व ट्रकमध्ये भरणारे. यांत आदिवासी आणि दलित स्त्रीपुरुष मोठ्या संख्येने होते. खनिज दोघेही काढत आणि ते एकाच भट्टीत जाई. पण १९७७ मध्ये मान्यताप्राप्त संघटनांनी बोनसचा जो करार केला त्यात कंत्राटी कामगारांच्या वाट्याला कायम कामगारांच्या तुलनेत फारच थोडी रक्कम आली. संतापलेल्या कामगारांनी त्या संघटना सोडल्या आणि ‘छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ’ स्थापन केला.

त्या वेळच्या मागण्यांपैकी एक मला फार बोलकी वाटते. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी, बांबू-बल्ल्यांसाठी, शंभर रुपये द्या, ही ती मागणी. कामगार कायद्याच्या चौकटीत ती नीटशी बसत नाही. ती ना वेतन, ना बोनस, ना भरपाई. परंतु ज्याचे छप्पर गळते त्याच्या दृष्टीने पावसाळ्याच्या तोंडावर याहून निकडीचा प्रश्न नाही. खाणीच्या तोंडाशी थांबणारी कामगार संघटना इथे प्रथमच कामगाराच्या दारापर्यंत आली.

राज्ययंत्रणेला मात्र यात केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न दिसला. २ जून १९७७ च्या रात्री पोलीस नियोगींना उचलून घेऊन गेले. त्यांना परत आणा म्हणून कामगारांनी मागे राहिलेल्या पोलिसांना घेरले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. अकरा जण मारले गेले. त्यांत अनुसूयाबाई ही कामगार स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक बालकही. आणीबाणी उठून जेमतेम दोन महिने झाले होते. नागरी स्वातंत्र्य परत आल्याचा आनंद देशभर साजरा होत होता, त्याच उन्हाळ्यातली ही घटना आहे.

संघर्ष आणि निर्माण

गोळीबारानंतर मजुरी वाढली. आणि मजुरी वाढली तशी दारूची दुकानेही जोरात चालू लागली. कामगार पुढाऱ्याला ही गोष्ट अडचणीची असते. कामगाराने मिळवलेले पैसे कसे खर्चावेत हे सांगणारे आपण कोण, असा एक युक्तिवाद असतो. सभासद दुरावण्याची भीती असते, ती वेगळीच. नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरीही दारूविरोधी मोहीम हाती घेतली आणि ती प्रामुख्याने स्त्रियांच्या बळावर उभी राहिली. कारण साधे होते. वाढलेली मजुरी घरी पोहोचली की नाही याचा हिशेब बायकांकडे होता. गांधीवादी दारूबंदीत नैतिक शिकवणीचा भाग मोठा होता. इथे ती आर्थिक लढ्याचाच पुढचा टप्पा म्हणून आली. अशा मोहिमेने दारूच्या धंद्यातले लोक शत्रू होणार हे उघड होते, आणि तसे ते झालेही.

दुसरे उदाहरण रुग्णालयाचे. संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात, योग्य उपचार न मिळाल्याने दगावल्या. कंत्राटी कामगाराच्या बायकोला आणि मुलांना आजारपणात कोण विचारतो, हा प्रश्न त्या मृत्यूने समोर आणला. कामगारांनी यावर मागणीपत्र लिहून न थांबता वर्गणी काढली, स्वतः विटा वाहिल्या आणि १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. १९७७ च्या हुतात्म्यांचे नाव त्याला दिले. बिनायक सेन, आशीष कुंडू, शैबाल जाना, पुण्यव्रत गुण यांसारखे तरुण डॉक्टर तिथे आले. त्यांच्या हाताखाली खाणकामगारांच्या घरातल्याच मुलामुलींना आरोग्यसेवक म्हणून तयार केले गेले. अनावश्यक औषधे व इंजेक्शने न देणे, आजाराचे कारण रुग्णाला समजेल असे सांगणे, हा तिथला शिरस्ता होता. ते रुग्णालय आजही चालू आहे.

शाळा निघाल्या. मोटारदुरुस्तीचे काम शिकवणारे गॅरेज निघाले. ‘नवा अंजोर’ नावाचे कलापथक निघाले. अंजोर म्हणजे उजेड. १८५७ मध्ये रायपूरला इंग्रजांनी फाशी दिलेले सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांचे नाव लोकांच्या विस्मरणात गेले होते. दुष्काळात सावकाराचे कोठार फोडून धान्य वाटणारा हा माणूस संघटनेने छत्तीसगडच्या सार्वजनिक जीवनात परत आणला. आज त्यांच्या नावाने सरकारी योजना आहेत, रायपूरला मोठे क्रिकेटचे मैदान आहे. पण १२० वर्षांनी त्यांचे स्मरण प्रथम नेटाने केले ते खाणकामगारांनी. छत्तीसगड मुक्ती मोर्चा ही याच प्रवाहातून उभी राहिलेली राजकीय आघाडी. तिचे जनकलाल ठाकूर १९८५ मध्ये डौंडी लोहारा मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेले.

नियोगींचा तिसरा, आणि धोरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग यांत्रिकीकरणाविषयीचा. खाणीत यंत्रे आणायची आणि हाताने काम करणाऱ्यांना घरी पाठवायचे अशी योजना आली तेव्हा दोन मार्ग दिसत होते. यंत्रे फोडा, नाहीतर भरपाई घ्या. संघटनेने तिसरा मार्ग मांडला, अर्धयांत्रिकीकरणाचा. जिथे काम धोक्याचे किंवा अतिकष्टाचे आहे तिथे यंत्र आणा आणि जिथे माणूस काम करू शकतो तिथे माणूस ठेवा, असा तो प्रस्ताव होता, आणि तो आकडेमोड करून मांडलेला होता. काही वर्षे तरी त्यामुळे हजारो रोजगार वाचले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जाणाऱ्या नोकऱ्यांची चर्चा आज आपण करतो आहोत. चाळीसएक वर्षांपूर्वी फारशा न शिकलेल्या खाणकामगारांनी तंत्रज्ञानाला सरसकट होकार किंवा नकार न देता वाटाघाटीचा पर्यायी मसुदा मांडला होता, याची आठवण या चर्चेत कोणी काढत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना इथे डॉ. दत्ता सामंत आठवणे साहजिक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्याच काळात दल्ली राजहरात रुग्णालयाची तयारी चालू होती. मी या दोघांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू इच्छित नाही. गिरणगावाची घडण वेगळी, खाणगावाची वेगळी. पण संप फसल्यावर गिरणी कामगाराच्या घराला आधार देणाऱ्या संस्था मुंबईत पुरेशा नव्हत्या. तो भार बायकांच्या खानावळींवर आणि गावाकडच्या तुटपुंज्या जमिनीवर पडला. दल्ली राजहरात खाणीतले काम कमी झाले तरी रुग्णालय राहिले.

भिलाई आणि उघडी खिडकी

१९९० च्या सुमारास नियोगींनी भिलाईच्या खासगी उद्योगांकडे मोर्चा वळवला. पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या या उद्योगांत हजारो कंत्राटी कामगार होते. किमान वेतन, कायम नोकरी, संघटनेचा हक्क या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नव्हते. त्या तर कायद्यातच लिहिलेल्या होत्या. तरीही शेकडो कामगारांना कामावरून काढण्यात आले. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या खटल्यांच्या आधारे नियोगींना अटक झाली आणि सुमारे दोन महिने ते तुरुंगात राहिले. त्यांना तडीपार करण्याची कार्यवाहीही सुरू झाली, तेव्हा दाद मागण्यासाठी जबलपूरच गाठावे लागले, आणि तिथे उच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. जबलपूरची ही बाजूही नोंदवली पाहिजे. जिल्हा पातळीवर प्रशासन एकतर्फी वागत असता दूरचे न्यायालयच त्या काळात संघटनेच्या बाजूने आधाराचे ठरले.

सप्टेंबरमध्ये नियोगी कामगारांचे शिष्टमंडळ घेऊन दिल्लीला गेले. हजारो सह्यांचे निवेदन त्यांनी राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन यांना दिले. उदारीकरणाचा अर्थसंकल्प सादर होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. देश नव्या अर्थव्यवस्थेच्या स्वागतात गुंतला होता. दिल्लीहून परतल्यावर काही दिवसांतच, २८ सप्टेंबरच्या पहाटे, भिलाईतील हुडको वसाहतीतल्या भाड्याच्या घरात झोपेत असताना उघड्या खिडकीतून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. वय ४८. आशाबाई आणि मुले तेव्हा दल्ली राजहराच्या घरी होती.

त्यांच्या मागे राजहराच्या घरी एक ध्वनिफीत सापडली. आपल्याला मारले जाईल याची कल्पना असल्याचे त्यांनी तीत स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवले होते. न्यायालयांत पुढे त्या ध्वनिफितीचा आणि त्यांच्या डायरीतील नोंदींचा कायदेशीर कीस पडला. पण ज्या घरात बापाने जिवंतपणीच आपल्या मृत्यूची साक्ष नोंदवून ठेवली, त्या घराच्या मनःस्थितीची नोंद कोणत्याही निकालपत्रात असू शकत नाही. वर्ष उलटायच्या आत, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईत रेल्वे रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक जण मारले गेले. आणखी तितक्याच घरांवर तीच वेळ आली.

निकालांची उतरंड

खुनाचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. जून १९९७ मध्ये दुर्गच्या सत्र न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या पल्टन मल्लाह याला फाशीची आणि दोन उद्योजकांसह पाच जणांना कटाच्या आरोपाखाली जन्मठेपेची शिक्षा ठोठावली. एका कामगार पुढाऱ्याच्या खुनासाठी उद्योजकांना शिक्षा होणे हे आपल्या देशात अपूर्वच होते. वर्षभरातच, जून १९९८ मध्ये, जबलपूरच्या उच्च न्यायालयाने या सर्वांना निर्दोष सोडले. २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. मल्लाहचा गुन्हा सिद्ध होतो, त्याला जन्मठेप. इतरांविरुद्ध कटाचा पुरावा पुरेसा नाही, त्यांची मुक्तता कायम. खुनापासून इथपर्यंत तेरा वर्षे लागली.

जे निर्दोष सुटले त्यांच्यावर संशयाची छाया धरून ठेवणे हा माझा उद्देश नाही. पुरावा पुरेसा नसेल तर सुटका हाच न्याय असतो, आणि कामगार चळवळीतील लोकांनाही उद्या त्याच तत्त्वाचा आधार घ्यावा लागतो. माझा प्रश्न निकालातून जे चित्र शिल्लक राहते त्याविषयी आहे. गोळी झाडणारा कायद्याने दोषी आहे. पण त्याने ती कोणासाठी, कशासाठी झाडली, याचे उत्तर कायद्याच्या दप्तरी कोरे आहे. दत्ता सामंतांच्या १९९७ मधील खुनातही काही मारेकऱ्यांना शिक्षा झाली, पण कटाच्या आरोपातून छोटा राजनची २०२३ मध्ये पुराव्याअभावी मुक्तता झाली. हात सापडतो आणि डोके सापडत नाही, असे जेव्हा पुन्हा पुन्हा घडते तेव्हा दोष एकेका न्यायाधीशाचा नसतो. कटाचा तपास करण्याच्या आपल्या यंत्रणेच्या क्षमतेचा तो प्रश्न असतो.

जबलपूरच्या निकालाला एक उपकथाही आहे. मानवी हक्क चळवळीतील राजेंद्र सायल यांनी त्या निकालावर जाहीर सभेत कठोर टीका केली. ती वृत्तपत्रात छापून आली. उच्च न्यायालयातील वकिलांच्या संघटनेने अवमानाची याचिका केली आणि उच्च न्यायालयाने सायल यांना सहा महिन्यांची कैद सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अवमान झाल्याचे मान्य केले, मात्र शिक्षा एक आठवड्यावर आणली. न्यायालयाची प्रतिष्ठा जपली पाहिजे यात वाद नाही. पण या साऱ्या प्रकरणात ज्या वर्षी कटाच्या आरोपातून सर्वांची सुटका कायम झाली, त्याच वर्षी त्या निकालावर बोलणाऱ्याला तुरुंगवास झाला, हा योगायोग भिलाईच्या कामगारांच्या मनावर काय ठसा उमटवून गेला असेल, याचा विचार न्यायव्यवस्थेच्या हितचिंतकांनीच करायला हवा.

हजेरीपटाबाहेरचा माणूस

नियोगींनंतर मुक्ती मोर्चात फुटी पडल्या. व्यक्तीभोवती उभ्या राहिलेल्या चळवळींचे हे दुखणे जुने आहे आणि ते इथेही टळले नाही. पण त्यांच्या सहकाऱ्यांतून एक वेगळीच परंपरा निघाली. आयआयटी कानपूरला गणित शिकलेल्या सुधा भारद्वाज १९८० च्या दशकात या चळवळीत आल्या. भिलाईच्या कामगारांचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळत होते आणि परवडणारा वकील मिळत नव्हता. तेव्हा कामगारांच्या आग्रहावरून वयाच्या चाळिशीच्या आसपास त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि बिलासपूरच्या उच्च न्यायालयात कामगारांची व आदिवासींची वकिली केली. ऑगस्ट २०१८ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. डिसेंबर २०२१ मध्ये जामीन मिळेपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ त्या येरवडा आणि भायखळ्याच्या तुरुंगात होत्या. बाहेर त्यांची तरुण मुलगी होती. बिनायक सेन यांनाही २०१० मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली जन्मठेप झाली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. दल्ली राजहराने घडवलेल्या माणसांकडे राज्ययंत्रणा १९७७ मध्ये ज्या नजरेने पाहत होती, ती नजर बदललेली नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

आता कायद्याकडे वळू. कंत्राटी पद्धत नियंत्रित करणारा आणि काही ठिकाणी रद्द करू देणारा कायदा १९७० चा. ठेका रद्द झाला तर त्या कामगाराला मूळ मालकाने आपोआप सामावून घ्यावे काय, हा प्रश्न त्यात मोकळा राहिला होता. ऑगस्ट २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो निकाली काढला आणि उत्तर नकारार्थी दिले. त्या खटल्यात मालकाच्या बाजूला होते स्टील ऑथॉरिटी, म्हणजे भिलाई कारखाना आणि दल्ली राजहराच्या खाणी ज्यांच्या मालकीच्या आहेत तेच सार्वजनिक मंडळ. ज्या कामगारांनी ‘आम्ही कोणाचे?’ हा प्रश्न १९७७ मध्ये रस्त्यावर विचारला होता, त्यांना चोवीस वर्षांनी मिळालेले कायदेशीर उत्तर ‘ठेकेदाराचे’ असे होते.

नव्या संहितांत सर्वच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, ॲपवर काम करणाऱ्यांना सामाजिक सुरक्षेच्या कक्षेत आणणे, मुख्य कामात कंत्राटी कामगारांवर बंदी, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. बंदीला अपवाद पुष्कळ असले तरी. पण औद्योगिक संबंध संहितेनुसार वाटाघाटीचा एकमेव अधिकार ज्या संघटनेला मिळेल तिला आस्थापनेच्या हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागेल. कंत्राटी कामगाराचे नाव मूळ मालकाच्या हजेरीपटावर नसतेच. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांना लागू होत, आता पन्नासांना होतील. कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला लागे, आता तीनशेंच्या. प्रत्येक संपापूर्वी किमान चौदा दिवसांची नोटीस हवी, आणि निम्म्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संपच मानला जाईल. या चौकटीत १९७७ ची दल्ली राजहराची संघटना बसवून पाहा. तिचे बहुतेक सभासद मोजलेच गेले नसते आणि झोपडीच्या बांबूंची मागणी वाटाघाटीच्या विषयसूचीवर आलीच नसती.

धोरणकर्त्यांचा युक्तिवाद असा की मजबूत, मोजक्या आणि जबाबदार संघटना हव्यात. तो मला मान्य आहे. परंतु संघटना जबाबदार कशाने होते? दल्ली राजहराचे उत्तर असे आहे की ती कामगाराच्या घराची जबाबदारी घेते तेव्हा होते. बायकांना दारूविरुद्ध उभे करणारी, बाळंतिणीसाठी खाट तयार करणारी, यंत्राचा पर्यायी आराखडा मांडणारी संघटना रागाच्या भरात सहसा खाण बंद पाडत नाही. तिचे स्वतःचे रुग्णालय चालू राहायचे असते, तिची शाळा भरायची असते. अशी संघटना दडपली की उरतात ते ठेकेदार आणि पोलीस. छत्तीसगडच्या दक्षिणेकडील जंगलांत तर लोकशाही संघटनांना जागा न उरल्याचा हिशेब दोन दशके बंदुकांनी मांडला गेला, हेही आपण पाहिले आहे.

म्हणून संहितांचे नियम राज्ये ठरवत असताना तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. संघटनेच्या मान्यतेसाठी सभासद मोजताना त्या आवारात काम करणारे कंत्राटी कामगारही मोजले जावेत, हजेरीपट कोणाचाही असो. खाणी असलेल्या जिल्ह्यांत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे मोठा निधी येतो आहे. त्याच्या विनियोगात कामगार संघटनांना प्रत्यक्ष स्थान मिळावे, कारण रुग्णालय कुठे हवे हे खनिकर्म अधिकाऱ्याइतकेच खाणीत राबणाऱ्या बाईलाही कळते. आणि औद्योगिक न्यायाधिकरणांची नवी रचना उभी करताना त्यांची फिरती सुनावणी खाणगावांत व्हावी. जबलपूर असो वा नागपूर, तारखेसाठी रोज बुडवून जाणारा कामगार हा आपल्या न्यायाच्या खर्चातला सर्वांत मोठा आणि कुठेही न मांडलेला आकडा आहे.

नियोगींच्या घरातील जीत यांनी पुढे कामगार संघटनेचेच काम पत्करले. खाणीत आता यंत्रे अधिक आणि माणसे कमी आहेत. शहीद रुग्णालयात मात्र आजूबाजूच्या खेड्यांतून रोज रांग लागते. त्या रांगेतल्या बहुतेकांचे नाव कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाही.